चाळीसच्या पेपरात एक्केचाळीस गुण : सराव परीक्षेच्या बीजगणिताच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

दहावीच्या सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर यंदाही माझ्याकडेच आला. मुख्याध्यापिकाबाई यादी वाचताना माझ्या नावाशी क्षणभर थांबल्या, चष्म्यावरून पाहिलं, आणि स्टाफरूममध्ये दोघं-तिघं उगाचच खोकले. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. प्रथम सत्राच्या पेपरात पाचव्या प्रश्नासमोर ३ च्या जागी मी ४ छापलं होतं. वर ठळक अक्षरात ‘एकूण गुण ४०’ आणि आतली बेरीज ४१. परीक्षा पार पडेपर्यंत कुणालाच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ‘ब’ तुकडीतलं एक पोरगं पेपर घेऊन आलं : “बाई, मला एक्केचाळीस पडले तर किती धरणार?” त्याला एक्केचाळीस पडायची भीती नव्हती, पण प्रश्न चोख होता.

तेव्हा यंदा आधी गुणांचा हिशोब, मग प्रश्न. रोज काय ठरलं ते या वहीत.

साचा बोर्डाचाच आहे, त्यात मला काही ठरवायचं नाही. पहिला प्रश्न (अ) चार बहुपर्यायी, (ब) एकेक गुणाचे चार. दुसरा (अ) तीनपैकी दोन कृती (अर्धवट सोडवलेलं उदाहरण, रिकाम्या चौकटी भरायच्या), ४ गुण. (ब) पाचपैकी चार, ८ गुण. तिसरा (अ) दोनपैकी एक कृती, ३. (ब) चारपैकी दोन, ६. चौथा तीनपैकी दोन, ८. पाचवा दोनपैकी एक, ३. वेळ दोन तास. आठ, बारा, नऊ, आठ, तीन. चाळीस. आज तीनदा केली ही बेरीज, एकदा बोटांवरसुद्धा.

पण विकल्पांसकट मोजलं तर पेपर चाळीसचा नसतोच, साठचा असतो. मूल चाळीसचं लिहितं, काढणारा साठचं काढतो. आणि कुठले वीस गुण वाऱ्यावर सोडायचे हे मूल ठरवतं. इतकी वर्षं पेपर काढतेय, हे कागदावर कधी मांडून पाहिलं नव्हतं.

५ डिसेंबर, गुरुवार

प्रकरणांना गुणभार. पुस्तकात सहा प्रकरणं : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. वाटलं, आपण शिकवायला जितक्या तासिका लावल्या त्या प्रमाणात गुण द्यावेत, हेच न्यायाचं. टाचणवहीतून मोजल्या : १५, १५, १२, ९, ८, १३. एकूण ७२. साठ गुण बहात्तर तासिकांवर वाटले की येतात १२.५, १२.५, १०, ७.५, ६.६७ आणि १०.८३.

आता पूर्णांक करा. अर्धा आणि त्याच्या वरचं वर ढकललं तर १३, १३, १०, ८, ७, ११. बेरीज ६२. दोन गुण हवेतून आले. प्रथम सत्रातला माझा एक गुण तरी टायपिंगचा होता, हे दोन तर चक्क रीतसर गणिताने आले.

यावर जुना तोडगा आहे. आधी सगळ्यांना खालचा पूर्णांक द्यायचा : १२, १२, १०, ७, ६, १०, म्हणजे ५७. उरलेले तीन गुण ज्यांची बाकी मोठी त्यांना एकेक. अमेरिकेत राज्यांना प्रतिनिधी वाटून द्यायला हॅमिल्टनने १७९२ मध्ये हीच रीत सुचवली होती आणि वॉशिंग्टनने ते विधेयक परत पाठवलं होतं. माझ्याकडे वॉशिंग्टन नाही, त्यामुळे चालवून घेतलं. सांख्यिकीची बाकी ०.८३, तिला एक. संभाव्यतेची ०.६७, तिला एक. शेवटचा एक गुण, आणि दाराशी तिघं उभे : रेषीय, वर्ग, अर्थनियोजन, तिघांचीही बाकी नेमकी अर्धी!

अर्थनियोजनाला दिला. जीएसटीचं प्रकरण पोरं ‘वाणिज्यवाल्यांचं’ म्हणून सोडून देतात, एखादा गुण वाढला तर वाचतील तरी. यात गणित नाही, पक्षपात आहे, तो लिहून ठेवते.

आलं : १२, १२, १०, ८, ७, ११. बोर्डाचा गुणभार काढून शेजारी ठेवला : १२, १२, ८, ८, ८, १२. म्हणजे माझ्या श्रेढीने दोन गुण जास्त खाल्ले. श्रेढीला बारा तासिका का लागल्या हे मला माहीत आहे. त्यातल्या तीन गॅदरिंगच्या तालमीच्या दिवसांत गेल्या, निम्मा वर्ग हॉलमध्ये आणि निम्मा वर्गात, आणि मी तेच पुन्हा पुन्हा शिकवत होते. तासिका ही मोजपट्टी दिसते सरळ, पण तिच्यात माझी गडबडही मोजली जाते. सराव बोर्डाचा आहे, बोर्डाचेच आकडे धरले.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा, दुपारी संविधान तक्ता, म्हणजे पेपरचा आराखडा. आडव्या ओळीत प्रश्नप्रकार, उभ्या स्तंभात प्रकरणं. बेरजा दोन्हीकडून जुळायला हव्यात. हे काम म्हणजे वर्तमानपत्रातलं सुडोकूच, फक्त चुकलं तर चव्वेचाळीस मुलं ओरडतात.

हातात काय आहे ते आधी मोजलं : एका गुणाचे आठ, दोनाचे आठ, तिनाचे आठ, चाराचे तीन. चाराचे तीनच असल्यामुळे तिथूनच सुरुवात. ते रेषीय, वर्ग आणि श्रेढीला दिले, कारण शाब्दिक उदाहरणं तिथे बरी होतात. मग रेषीय आणि वर्ग दोघांना सारखंच : एकाचा एक, दोनाचे दोन, तिनाचा एक, चाराचा एक. बारा. श्रेढी : चार, तीन, एक. आठ. सांख्यिकीला चाराचा नाही, म्हणून तिनाचे तीन, दोनाचा एक, एकाचा एक. बारा. अर्थनियोजनाला तिनाचा एक, दोनाचे दोन, एकाचा एक. आठ. शेवटी जे उरलं ते संभाव्यतेच्या पदरात : तिनाचा एक, दोनाचा एक आणि एका गुणाचे तीन. तिथेही आठ झाले, पण कसे ते बघा. चिल्लर देऊन हिशोब मिटवल्यासारखे.

हे दुसरीकडे ढकलता येईल, पण तासभर ढकलून पाहिलं आणि दर वेळी दुसरं कुणीतरी चिल्लरवर आलं. राहू दे.

१० डिसेंबर, मंगळवार

आज ऑफ तासाला चौथ्या प्रश्नातलं वर्गसमीकरणाचं उदाहरण लिहिलं आणि त्याचे चार गुण फोडले.

‘एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ४ मीटरने जास्त आहे. बागेचे क्षेत्रफळ ९६ चौमी असल्यास लांबी व रुंदी काढा.’

रुंदी क्ष मानली. (पुस्तकात आणि फळ्यावर इंग्रजी अक्षर असतं, वहीत मी अजून क्षच लिहिते. शाळेत असताना लागलेली सवय.) क्ष(क्ष + ४) = ९६. म्हणजे क्ष² + ४क्ष − ९६ = ०. (क्ष + १२)(क्ष − ८) = ०. क्ष = −१२ किंवा ८. रुंदी ऋण नसते, म्हणून रुंदी ८, लांबी १२.

गुण : चल मानून लांबी त्याच्यात लिहिली, अर्धा. समीकरण मांडलं, एक. सामान्य रूपात आणलं, अर्धा. अवयव पाडले, एक. दोन्ही किमती, अर्धा. ऋण किंमत कारण देऊन सोडली आणि एककासह उत्तर लिहिलं, अर्धा. चार.

असं फोडल्यावर लक्षात आलं की हे उदाहरण चार गुणांचं का आहे याचं उत्तर ‘अवघड आहे म्हणून’ असं नाहीच. यात सहा पायऱ्या आहेत आणि सहाही उत्तरपत्रिकेवर दिसतात. मला तपासता येतात. जे कागदावर उतरत नाही त्याला मी गुण देऊ शकत नाही, कितीही कौतुक वाटलं तरी.

मग तिसऱ्या प्रश्नातलं क्रेमरचं (निश्चयक काढून दोन समीकरणं सोडवायची रीत) फोडलं : ५क्ष + ३य = १, २क्ष − य = ७. पोरांच्या भाषेत डी, डी-एक्स आणि डी-वाय. डी = −११, एक गुण, कारण चिन्हं तिथेच चुकतात. डी-एक्स = −२२, अर्धा. डी-वाय = ३३, अर्धा. क्ष = २, अर्धा. य = −३, अर्धा. तीन गुण, पाच ओळी.

त्याच गटात, त्याच तीन गुणांना, गृहीतमध्य पद्धतीने मध्य काढायचा आहे. सहा वर्गांचं वारंवारता वितरण. तक्ता आखा, वर्गमध्य काढा, विचलनं काढा, गुणाकार करा, दोन बेरजा घ्या, सूत्र लिहा, किंमत घाला. यालाही तीन? आत्ता संशय आला. नुसता संशय उपयोगाचा नाही, घड्याळ लावून बघायला हवं.

१४ डिसेंबर, शनिवार

घड्याळ लावलं. गेल्या वर्षी दहावी झालेली तिघं जण, आता अकरावीत, शनिवारी दुपारी आली. दोन मुली, एक मुलगा. मोबदला वडापाव, आधीच ठरला होता.

चाळीस गुण आणि एकशेवीस मिनिटं, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. त्यातून वाचन, पट्टी शोधणं आणि पुरवणी मागणं वजा. तीन गुणांचं उदाहरण आठ-नऊ मिनिटांत बसायला हवं.

क्रेमर : साडेचार, पाच, सहा मिनिटं. मध्य : अकरा, बारा, आणि तिसरीचे चौदा. ती चौदावाली तिघांतली सर्वांत हुशार. तिने तक्ता पट्टीने आखला, समासाची रेघसुद्धा मारली. आम्हीच शिकवलेलं, नीटनेटकेपणा. आता त्याचेच तिला पाच मिनिटांचे पैसे मोजावे लागले.

म्हणजे एकाच गटात, तेवढ्याच गुणांना, एक प्रश्न पाच मिनिटांचा आणि दुसरा बारा मिनिटांचा. ‘कोणतेही दोन सोडवा’ असं मी लिहिते तेव्हा मुलाला वाटतं दोन्ही रस्ते सारख्याच लांबीचे आहेत. ज्याला क्लासमध्ये ‘आधी क्रेमर उचल’ असं सांगितलंय तो सात मिनिटं कमावतो, आणि त्याला त्या सात मिनिटांत दुसऱ्या प्रश्नातलं दोन गुणांचं एक उदाहरण होतं.

निघताना मुलाने सीईटीचं सांगितलं. तो आत्तापासून तयारीत आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यांना ९० मिनिटं. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न एकेक गुणाचे, त्यांनाही ९० मिनिटं. गणिताच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद आणि दोन गुण, बाकीच्यांना ५४ सेकंद आणि एक गुण. गुण दुप्पट, वेळ दुप्पट, काटेकोर. मी इतके दिवस समजत होते की गणिताला मान म्हणून दोन गुण. मान कसला, घड्याळ आहे ते.

१६ डिसेंबर, सोमवार

दुरुस्त्या.

मध्याचं उदाहरण ३ (ब) मधून काढून ३ (अ) मध्ये कृती म्हणून टाकलं. तक्ता छापलेला, वर्ग सहाचे पाच केले, सहा रिकाम्या चौकटी, प्रत्येकीला अर्धा गुण. आता पट्टीला कामच नाही. त्या जागी ३ (ब) मध्ये कृतीतलं बहुलकाचं (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) आणलं, त्याला तक्ता लागत नाही, सूत्रात किमती घालायच्या. दोन्ही तीन गुणांचेच, दोन्ही सांख्यिकीचेच, त्यामुळे संविधान तक्त्याच्या बेरजा हलल्या नाहीत. हे एकदाचं सरळ झालं.

१९ डिसेंबर, गुरुवार

पाचवा प्रश्न. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच : “बाई, एवढं अवघड आणि तीनच मार्क?” चौथ्यातलं सरळ उदाहरण चार गुणांना, पाचव्यातलं डोकं खाणारं तीन गुणांना. पालकसभेतही एका वडिलांनी विचारलं होतं, तेव्हा मी ‘बोर्डाचं तसंच आहे’ म्हणून वेळ मारून नेली.

यंदा श्रेढीवरचं घेतलं : ‘१ ते १०० मधील ज्या संख्यांना ३ ने किंवा ५ ने भाग जातो अशा सर्व संख्यांची बेरीज काढा.’ ३ च्या पटींची बेरीज १६८३, ५ च्या पटींची १०५०. इथे थांबायचं आणि स्वतःच्या लक्षात यायला हवं की १५, ३०, ४५ दोन्हीकडे मोजल्या गेल्या. त्यांची बेरीज ३१५, ती एकदा वजा. २४१८.

फोडलं : पहिली बेरीज एक, दुसरी अर्धा, पंधराच्या पटी वजा करणं एक, उत्तर अर्धा. तीन. याहून जास्त कुठून आणू? लिहायला सात-आठ ओळी. अवघड आहे ती एकच जागा, ती सुचली तर अर्ध्या मिनिटाची, नाही सुचली तर तास दिला तरी नाही. चौथा गुण द्यायचा तर तो ‘सुचलं’ याला द्यावा लागेल, आणि ज्याला नाही सुचलं त्याने एक गुण नव्हे, दोन गुण गमावले असं होईल. त्या वडिलांना हे सांगायला हवं होतं.

आदर्श उत्तरपत्रिका दुपारी पूर्ण केली. स्वतः पेपर घड्याळ लावून सोडवला : ३७ मिनिटं. आमच्या स्टाफरूमचा ठोकताळा असा की शिक्षकाच्या वेळेची तिप्पट म्हणजे मुलाचा वेळ. १११ मिनिटं. बसतंय.

‘अ’ तुकडीचं गणित घेणारे सर पेपर पाहून म्हणाले, “सगळं छान, पण श्रेढीचं चौथ्यातलं जरा लांबलंय.” पाच ओळींचं शाब्दिक उदाहरण आहे, बचत गटाच्या हप्त्यांचं. सोडवायला सोपं आहे म्हणून ठेवलं. (पुढे बघा.)

कॉम्प्युटरवर तक्ता केला आहे, प्रत्येक प्रश्नासमोर गुण आणि खाली बेरीज. बेरीज ४० नसेल, किंवा विकल्पांसकट ६० नसेल, तर ती चौकट लाल होते. छपाईला देण्याआधी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच्या पेनाने पुन्हा बेरीज केली. माझ्यासमोर.

८ जानेवारी २०२५, बुधवार

पेपर झाला. पावणेदोन तासांनी ‘ब’ तुकडीतली सहा-सात मुलं पेन ठेवून बसली होती, बाकीची घंटेपर्यंत लिहीत होती. एकाने बाहेर आल्यावर विचारलं, “बाई, बरोबर चाळीसच होते ना?” तोच तो.

११ जानेवारी, शनिवार

गठ्ठा तपासतेय. सरांनी आणि मी ठरवून दहा उत्तरपत्रिका दोघांनी तपासल्या, एकमेकांचे गुण न बघता. पायऱ्यांचे गुण लिहून दिले होते, त्यामुळे नऊ पेपरांत अर्ध्या गुणापलीकडे फरक नाही. दहाव्यात फरक तीन गुणांचा, आणि सगळा बागेच्या उदाहरणावर. सरांनी दिला होता एक. मी दिले होते चार.

मुलीने काय लिहिलं होतं ते उतरवून ठेवते. समीकरण नाही, क्ष नाही. ९६ च्या अवयवांच्या जोड्या एकाखाली एक : १ × ९६, २ × ४८, ३ × ३२, ४ × २४, ६ × १६, ८ × १२. प्रत्येकीसमोर फरक : ९५, ४६, २९, २०, १०, ४. शेवटच्या ओळीभोवती गोल. खाली : ‘फरक ४ पाहिजे म्हणून रुंदी ८ मी, लांबी १२ मी.’

सर म्हणाले, “अंदाजपंचे आहे. उत्तराचा एक.” मी म्हटलं, अंदाज कुठे आहे? अंदाज करणारा ८ आणि १२ लिहून मोकळा होतो. हिने सगळ्या जोड्या तपासल्या, एकही सोडली नाही. “पण वर्गसमीकरणाचं प्रकरण आहे.” प्रकरण आहे, पण प्रश्नात ‘वर्गसमीकरण मांडून’ असं आपण कुठे लिहिलंय? ते लिहायचं राहिलं हा माझा दोष, तिचा नाही.

चहा झाला, भजी झाली, वाद चालूच. मग सरांनीच मुद्द्यावर बोट ठेवलं : “बाजू पूर्णांकातच असेल असं तिने कशावरून धरलं? क्षेत्रफळ ९७ असतं तर?” ते खरं. तिची रीत इथे चालली कारण मी आकडे सोपे घेतले. ते गृहीत तिने कुठे लिहिलं नव्हतं. त्याचा एक गुण गेला. तीन दिले. आदर्श उत्तरपत्रिकेत समासात नोंद केली : ‘सर्व जोड्या तपासल्या असतील तर ३.’ आणि दोन्ही तुकड्यांचे गठ्ठे या एका उदाहरणासाठी पुन्हा चाळले. तशी रीत आणखी एकाने वापरली होती, ‘अ’मध्ये, त्याला आधी अर्धा मिळाला होता.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सुट्टी. तिळगूळ घ्यायला येणाऱ्यांच्या मधल्या वेळात प्रश्नांचं पृथक्करण.

माझ्या तुकडीत ४४ मुलं. एकूण गुणांनुसार लावून वरची सत्तावीस टक्के आणि खालची सत्तावीस टक्के घ्यायची, म्हणजे बारा-बारा. हा सत्तावीसचा आकडा अमेरिकन अभ्यासक ट्रूमन केली यांचा, १९३९ सालचा. बी.एड.ला पाठ करून लिहिला होता, का ते न कळता. टोकाची थोडीच मुलं घेतली तर दोन गटांतला फरक ठळक दिसतो पण मुलं कमी म्हणून भरवसा कमी. जास्त घेतली तर उलट. मधली सर्वांत फायद्याची जागा सत्तावीसच्या आसपास येते. चव्वेचाळीस मुलांवर हे फार बारीक तोलणं आहे हे मान्य, पण मोठी चूक असली तर एवढ्यातही दिसते.

आणि दिसली. पहिल्या प्रश्नातलं श्रेढीचं बहुपर्यायी : वरच्या बारांत बरोबर ५, खालच्या बारांत बरोबर ७. हुशार मुलं जास्त चुकली! पाच वजा सात, भागिले बारा, उणे ०.१७. असं झालं की बहुतेक वेळा चूक मुलांची नसते.

प्रश्न : ‘खालीलपैकी कोणती अंकगणिती श्रेढी आहे?’ पर्याय (अ) २, ४, ८, १६… (ब) ५, ५, ५, ५… (क) १, ४, ९, १६… (ड) १०, ८, ६, ४… मी उत्तर धरलं होतं (ड). वरच्या बारांतल्या सात जणांनी (ब) लिहिलं. बरोबरच आहे! ५, ५, ५ हीसुद्धा अंकगणिती श्रेढीच, साधारण फरक शून्य. मी वर्गात स्वतः शिकवलंय हे. पर्याय ‘फसवा’ म्हणून टाकला आणि स्वतःच फसले. खालच्या मुलांना (ब) श्रेढी वाटलीच नाही, त्यांनी (ड) लिहून गुण घेतला.

आता (ब) आणि (ड) दोन्ही बरोबर. एका मुलीने दोन्ही लिहून पुढे ‘दोन्ही बरोबर आहेत बाई’ असं लिहिलं होतं, आणि एकापेक्षा जास्त पर्याय लिहिले म्हणून मी लाल पेनाने फुली मारली होती. ती फुली खोडताना जरा लाज वाटली.

चौथा प्रश्न. वर्गसमीकरण ४१ मुलांनी घेतलं, रेषीय ३५ जणांनी, श्रेढीचं ९ जणांनी. त्या नऊ जणांची सरासरी साडेतीन. म्हणजे अवघड नव्हतंच, पाच ओळी बघूनच पोरं पुढे गेली. सरांनी सांगितलं होतं. छापल्यावर प्रश्न किती लांब दिसतो याचीही एक किंमत असते आणि ती माझ्या तक्त्यात कुठे नव्हती. बोर्डाच्या साच्यात ते तीन विकल्प समान. माझ्या वर्गात दोनच होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज एक वेगळा हिशोब केला, बरेच दिवस डोक्यात होता. पहिला प्रश्न आठ गुणांचा आणि चौथाही आठ गुणांचा. पण मुलांमधला फरक कोण पाडतं? प्रत्येक प्रश्नाच्या गुणांचा एकूण गुणांशी कोव्हेरियन्स (दोन्ही एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात ते) काढायचा आणि एकूण गुणांच्या व्हेरियन्सने (ते किती विखुरलेत त्याने) भागायचं. सगळ्या प्रश्नांची मिळून बेरीज शंभर टक्के येते, म्हणून वाचायला सोपं.

पहिला प्रश्न ७ टक्के. दुसरा २५. तिसरा २४. चौथा ३३. पाचवा, तीन गुणांचा बिचारा, ११.

छापलेल्या गुणांत पहिला आणि चौथा दोघंही वीस-वीस टक्के. प्रत्यक्षात चौथ्याचं वजन पहिल्याच्या जवळपास पाचपट. कारण पहिल्यात जवळजवळ सगळ्यांना सात-आठ, तिथे कुणी कुणाच्या पुढे जात नाही. तो आठ गुणांचा पाट आहे, सगळ्यांना बसायला सारखा. पस्तीसच्या काठावरच्या मुलांना तो पाट हवाच, म्हणून त्याला निरुपयोगी म्हणायला मी तयार नाही. पण क्रमांक लावायचे झाले, तर ते तीनपैकी दोन निवडण्याच्या त्या प्रश्नावर लागतात, जिथे एक विकल्प लांब दिसतो म्हणून बहुतेकांनी वाचलाच नाही.

स्टाफरूममध्ये दाखवलं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, “माझ्या पेपरचं करून दे.” मराठीचे सर म्हणाले, “निबंधाचं नको करूस.”

२० जानेवारी, सोमवार

पेपर वाटले. अवयवांच्या जोड्यावाली शेवटी आली. तीन गुणांबद्दल तक्रार नव्हती. विचारत होती, बोर्डात असं लिहिलं तर? म्हटलं, तिथे तुझा पेपर कोण तपासणार मला माहीत नाही, तू समीकरण मांड. “आणि जोड्या?” कच्च्या कामात कर, अवयव पाडायला लागतातच ना, बेरीज चार यायला कोणती जोडी, उणे आठ आणि अधिक बारा का उलट. ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी तेच केलं होतं?” तेच केलं होतंस, क्ष न लिहिता.

दुपारी भूमितीच्या सरांनी हाच तक्ता मागितला, भाग दोनसाठी. फाईलची प्रत करून प्रकरणांची नावं बदलली : समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. सहाची सात प्रकरणं झाली, मध्ये एक ओळ घातली, गुण भरले. विकल्पांसकट बेरीज ५९. चौकट लाल.

सूत्र वरच्या ओळीपासून सुरू होतंय की दुसऱ्या, ते उद्या बघते.